शुभवर्तमानातील ‘वर्तमान’

गाडी दुधनीला थांबली होती. सोलापूर केव्हाच मागे पडले होते, अक्कलकोट रोडही गेले होते. पुढे गाणगापूर रोड आणि त्यानंतर कलबुर्गी. खिडकीशी बसलेल्या आमच्या अकरा वर्षांच्या पुतणीने फलाटावरील पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, “काका, इथं दूध फार होतं का?” आम्ही हसलो. गावाचे नाव कानावर पडताच त्यात ओळखीचा शब्द शोधावा, ही माणसाची फार जुनी खोड. कान अर्थ लावून मोकळा होतो. पुरावा मागण्याच्या भानगडीत तो पडत नाही.

तिच्या मांडीवर धर्मशिक्षणाच्या वर्गाची वही होती. सुटीतील अभ्यास म्हणून काही शब्दांचे अर्थ लिहावयाचे होते. ‘शुभवर्तमान’ या शब्दापुढे तिने लिहिले होते : शुभ म्हणजे चांगला, वर्तमान म्हणजे आत्ताचा काळ, शुभवर्तमान म्हणजे चांगला चालू काळ. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे शेजारी ‘गॉस्पेल’ हा इंग्रजी शब्द लिहून त्याचीही तिने फोड केली होती : गॉड अधिक स्पेल, म्हणजे देवाचे स्पेलिंग! एका तासाच्या प्रवासात एका मुलीने तीन व्युत्पत्त्या केल्या होत्या. दुधनीचे आम्ही बाजूस ठेवले. उरलेल्या दोहोंनी मात्र आम्हांस विचारात पाडले. कारण ‘गॉस्पेल’च्या बाबतीत तिने जी चूक केली होती ती तिच्या आधी युरोपातील अनेक राष्ट्रांनी केली होती, आणि ‘शुभवर्तमाना’च्या बाबतीत जी चूक केली होती ती आज आपल्यापैकी कितीतरी प्रौढ माणसेही मनातल्या मनात करीत असावीत, अशी शंका आम्हांस बरेच दिवस येत आहे.

प्रथम ‘गॉस्पेल’चे पाहू. हा जोडशब्द आहे हे मुलीने बरोबर ओळखले. त्याचे दोन भाग पाडले तेही बरोबर. मात्र पहिला भाग देव नव्हे. प्राचीन इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, हा शब्द ‘गोडस्पेल’ असा होता आणि त्यातील ‘गोड’मधील ओकार दीर्घ होता. या दीर्घ ओकाराच्या शब्दाचा अर्थ ‘चांगले’. आजच्या इंग्रजीतील ‘गुड’ तो हाच. देव या अर्थाचा शब्द वेगळा. त्याच्यातील स्वर ऱ्हस्व. लिहिताना दोन्ही शब्द बहुधा सारखेच दिसत, उच्चारात मात्र फरक होता. दुसरा भाग ‘स्पेल’. त्याचा अर्थ सांगणे, कथन, गोष्ट, निरोप. मंत्र किंवा जादूटोणा हा अर्थ त्याला फार नंतर, सोळाव्या शतकाच्या सुमारास, चिकटला. अक्षरे जुळवून शब्द लिहिणे या अर्थाचा ‘स्पेल’ तर जुन्या फ्रेंचमधून फिरून आलेला. मूळ जर्मानिक धातू एकच, पण वाट निराळी. तेव्हा ‘गोडस्पेल’ म्हणजे चांगली गोष्ट, चांगले सांगणे, चांगली वार्ता.

येथे एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. तो प्राचीन इंग्रजी शब्द आमच्या मराठी कानाला थेट ‘गोड’ असा ऐकू येतो. चांगली बातमी गोड असतेच, तेव्हा दोन्ही शब्द एकाच कुळातील असावेत, असे वाटण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मराठीतील ‘गोड’ संस्कृतातील ‘गुड’, म्हणजे गूळ, या शब्दापासून आला. इंग्रजी शब्दाशी त्याचा काडीइतका संबंध नाही. व्युत्पत्तीच्या क्षेत्रात साम्य हा साक्षीदार असतो, पण फार वेळा फितूर साक्षीदार. याउलट जेथे साम्य मुळीच दिसत नाही तेथे नाते निघते : इंग्रजीतील देववाचक ‘गॉड’ हा शब्द काही पंडित संस्कृतातील ‘हूत’, म्हणजे ज्याला हाक मारली आहे असा, याच्याशी जोडतात, तर काही ‘हुत’, म्हणजे ज्याला आहुती दिली आहे असा, याच्याशी. इंद्राचे ‘पुरुहूत’ हे नाव वाचकांस स्मरत असेल. असो.

चांगली वार्ता ही कल्पना मुळात इंग्रजांची नव्हे. ती ग्रीक शब्दाची सही सही प्रतिकृती आहे. ग्रीकमध्ये ‘एव’ म्हणजे चांगले आणि ‘अँगेलोस’ म्हणजे निरोप्या, दूत. देवदूताला इंग्रजीत ‘एंजल’ म्हणतात तो हाच शब्द. या दोहोंपासून ‘एवँगेलिऑन’ झाला. पण त्याचा सर्वांत जुना अर्थ चांगली बातमी असा नव्हता, तर चांगली बातमी आणणाऱ्याला द्यावयाचे बक्षीस असा होता. होमरच्या ‘ओडिसी’त वेषांतर केलेला ओडिसियस आपल्याच परतण्याची बातमी आपली डुकरे राखणाऱ्या चाकराला सांगतो आणि त्याबद्दल ‘एवँगेलिऑन’ मागतो. आपल्याकडे चांगली बातमी आणणाऱ्याला “तुझ्या तोंडात साखर पडो” असे म्हणतात. राजवाड्यात पुत्रजन्म झाला किंवा गड हाती आला की हत्तीवरून साखर वाटीत. ग्रीक शब्दाचे मूळ अशाच साखरेत होते म्हणा ना. पुढे साखरेचे नाव बातमीलाच मिळाले.

रोमन साम्राज्यात या शब्दाला दरबारी वजन आले. आशिया मायनरमधील प्रिएने या नगरात ख्रिस्तपूर्व ९ मधील एक शिलालेख सापडला आहे. ऑगस्टस बादशहाचा जन्मदिवस हा जगासाठी सुवार्तांचा आरंभ होय, अशा अर्थाचे विधान त्यात आहे आणि त्यासाठी हाच शब्द अनेकवचनात योजला आहे. यशयाच्या ग्रंथात डोंगरावरून सुवार्ता घेऊन येणाऱ्याच्या पायांचे जे वर्णन येते, त्याच्या ग्रीक भाषांतरातही याच शब्दाचे क्रियापद आहे. म्हणजे संत मार्कने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात हा शब्द लिहिला तेव्हा तो यहुदी श्रोत्याला एका कारणाने आणि रोमन प्रजाजनाला दुसऱ्या कारणाने परिचित होता. जाहीरनामे बादशहाचे निघत. येथे एका सुताराच्या नावाने निघाला होता. त्या शब्दाची धार आज आपल्याला जाणवत नाही, पण ती होती.

लॅटिन ख्रिस्तसभेने हा शब्द भाषांतरित केला नाही; ‘एव्हांजेलियुम’ असा जसाच्या तसा उचलला. संत ऑगस्टीनला आपल्या वाचकांसाठी त्याचा अर्थ, चांगला निरोप, असा उलगडून सांगावा लागला. लॅटिनमधून तो फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषांत गेला. तेथे आजही तो अर्थाच्या दृष्टीने बंद पेटीसारखा आहे. पेटी पवित्र खरी, पण आत काय आहे ते ग्रीक जाणणाऱ्यालाच ठाऊक.

इंग्लंडात निराळे घडले. पोप ग्रेगरी यांनी पाठविलेले ऑगस्टीन नावाचे धर्मगुरू (हे वर उल्लेखिलेल्या संताहून वेगळे) ५९७ मध्ये केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यामागून आलेल्यांना आणि त्यांच्या इंग्रज शिष्यांना एक प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागला : लॅटिन शब्द तसाच ठेवायचा की लोकांच्या भाषेत नवा घडवायचा? आश्चर्य वाटेल इतक्या वेळा त्यांनी नवा घडविला. तारणाऱ्याला त्यांनी ‘हेलेंद’ म्हटले, म्हणजे बरे करणारा. त्रैक्याला ‘थ्रिनेस’ म्हटले, म्हणजे तीनपण. धर्मगुरूंच्या पदव्या आणि विधींची काही नावे लॅटिनमधून घेतली, पण श्रद्धेच्या गाभ्यातील शब्द शक्यतो घरचे वापरले. याच ग्रेगरी पोपनी ६०१ मध्ये मेलिटस या मिशनऱ्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे : लोकांची देवळे पाडू नका, मूर्ती काढा आणि त्याच वास्तूंत देवाची उपासना सुरू करा. शब्दांच्या बाबतीतही हेच धोरण दिसते. वास्तू लोकांची, आतील पूजा नवी.

‘गोडस्पेल’ हा याच घडणीतला शब्द. संत बीड ७३५ मध्ये मृत्युशय्येवर असताना योहानाच्या शुभवर्तमानाचे इंग्रजी भाषांतर सांगत होते, असे त्यांच्या शिष्याने लिहून ठेवले आहे. ते भाषांतर हरवले. पण लिंडिसफार्नच्या सुंदर लॅटिन हस्तलिखितात दहाव्या शतकात अल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने ओळींच्या मध्ये बारीक अक्षरांत प्रत्येक लॅटिन शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द लिहिला. शुभवर्तमानांचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने इंग्रजी रूपांतर ते हे. आठव्या शतकातील त्या झगमगत्या पानांवर दोनशे वर्षांनंतर कोणी तरी शाईने शब्दार्थ लिहावेत, हे आजच्या ग्रंथपालाला खपणार नाही. आम्हांस मात्र त्या ओळींमधल्या बारीक अक्षरांचे मोल चित्रांहून अधिक वाटते.

पुढे १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि त्यांच्यामागून फ्रेंच-लॅटिन शब्दांचा लोंढा आला. ‘हेलेंद’ गेला, त्याच्या जागी ‘सेव्हियर’ आला. ‘थ्रिनेस’ गेला, ‘ट्रिनिटी’ आला. त्या पुरात जे थोडे घरचे शब्द टिकले त्यांत ‘गॉस्पेल’ एक. पण टिकताना त्याने किंमत मोजली. जोडशब्दात तीन व्यंजने एकापुढे एक आली की आधीचा दीर्घ स्वर आखडतो, असा त्या भाषेतील उच्चाराचा नियम होता. ‘गोड’चा ओकार ऱ्हस्व झाला आणि ‘चांगले’ व ‘देव’ यांतील उच्चाराचा भेद या एका शब्दापुरता पुसला गेला. नंतर मधला ‘ड’ही गळाला.

हा बदल नेमका केव्हा झाला ते दाखविणारा एक मजेदार साक्षीदार आहे. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑर्म नावाचा एक ऑगस्टिनियन संघातील धर्मगुरू होऊन गेला. मिस्सामध्ये वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानांचे त्याने इंग्रजी पद्यात विवरण लिहिले. काव्य म्हणून ते कंटाळवाणे आहे, हे त्याचे चाहतेही कबूल करतात. पण वाचणाऱ्याने उच्चार चुकू नये याची त्याला इतकी काळजी होती की ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन तो दोनदा लिहीत असे. ‘गॉस्पेल’ लिहिताना त्याने ‘ड’ दोनदा लिहिला आहे. अर्थात उच्चार तोपर्यंत ऱ्हस्व झाला होता. तरीही तोच ऑर्म लगेच सांगतो की या शब्दाचा इंग्रजीत अर्थ चांगले वचन, चांगली वार्ता. कानाने ‘देव’ ऐकू येऊ लागले होते, जाणत्यांच्या मनात ‘चांगले’ अजून जिवंत होते. ज्या पिढीत शब्दाचा अर्थ सांगावा लागतो, त्या पिढीत तो अर्थ सुटू लागलेला असतो.

इंग्लंडबाहेर तर तो आधीच सुटला होता. इंग्रज मिशनरी जर्मनीत आणि उत्तरेकडील देशांत गेले तेव्हा हा शब्द त्यांनी बरोबर नेला. ऐकणाऱ्यांनी तो ‘देवाची वार्ता’ असाच समजून घेतला. जुन्या जर्मनमध्ये ‘गॉटस्पेल’ झाला, त्यात ‘गॉट’ म्हणजे देव. जर्मनांनी पुढे तो टाकून लॅटिन शब्द स्वीकारला. आइसलंडमध्ये मात्र ‘गुथस्प्याट्ल’ असा तो आजही चालू आहे आणि त्यातही देवच आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संत मत्तयच्या शुभवर्तमानावर आधारलेले ‘गॉडस्पेल’ नावाचे संगीत नाटक रंगभूमीवर आले. जुने रूप मुद्दाम घेतलेले, पण ते पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात देवच ऐकू आला असेल. आमच्या पुतणीची संगत अशी बरीच मोठी आहे.

देवाची वार्ता हा अर्थ काही वाईट नाही, असे कोणी म्हणेल. नाहीच. पण त्या अदलाबदलीत काय गमावले ते पाहावे. देवाची वार्ता भयाचीही असू शकते. न्यायाची, शिक्षेची, कोपाची. मूळ शब्दाने तिचा गुण सांगितला होता, मालक नव्हे. विल्यम टिंडेल यांनी सोळाव्या शतकात ग्रीकवरून नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा हा ग्रीक शब्द आनंदाच्या, माणसाला गाणे आणि नाचणे सुचविणाऱ्या बातमीचा आहे, हे त्यांना पुन्हा सविस्तर समजावून सांगावे लागले. टिंडेल यांच्याशी आपल्या ख्रिस्तसभेचा वाद होता आणि तो कडू होता. पण या एका स्पष्टीकरणाशी कोणत्याही कॅथलिकाला वाद घालता येणार नाही.

आता इंग्लंडमधून आपल्या किनाऱ्याकडे येऊ. विल्टशायरमधील एक तरुण, थॉमस स्टीफन्स, येशूसंघात प्रवेश करून १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचला. ‘गॉस्पेल’ हा त्याच्या आईच्या भाषेतला शब्द. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या कॅथलिकांनी ऱ्हीम्स येथे नव्या कराराचे आपले इंग्रजी भाषांतर १५८२ मध्ये छापले, तेव्हा फादर स्टीफन्स तीन वर्षे गोव्यात मुरले होते आणि येथील भाषा शिकत होते. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले : मराठी ओवीबद्ध, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. नव्या कराराची सारी कथा त्याच्या दुसऱ्या भागात आहे आणि दोन्ही भागांना त्यांनी नाव दिले पुराण. प्राचीन इंग्रजीतला ‘स्पेल’ आणि आपल्याकडील ‘पुराण’ यांत एक साम्य आम्हांस दिसते. दोन्ही शब्द पोथीपेक्षा सांगण्याचे आहेत. कोणी तरी सांगतो, कोणी तरी ऐकतो. मराठीतील ‘बखर’ हा शब्दही ‘खबर’ या शब्दातील अक्षरांची उलटापालट होऊन झाला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेथेही कथा आणि वार्ता एकाच घरात नांदतात.

परंतु फादर स्टीफन्स यांनी उघडलेली वाट गोव्यात रुंद झाली नाही. तेथे राज्य पोर्तुगीजांचे आणि धर्माच्या शब्दांवर छापही त्यांचीच. नाताळ, पाद्री, इगर्ज, कुरीस, मिस्सा हे शब्द पोर्तुगीज वाटेनेच आले आणि ‘एव्हांजेल्यु’चे कोकणीत ‘वांजेल’ झाले. हे शब्द आम्हांस परके वाटत नाहीत. चारशे वर्षे ज्यांनी घर केले त्यांना पाहुणे कसे म्हणावे? फक्त एवढेच की ‘वांजेल’ हा शब्द आपला अर्थ आपण सांगत नाही. जेथे सांगणारा सत्तेसह येतो तेथे तो आपला शब्द देतो. जेथे त्याला ऐकणाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते तेथे तो ऐकणाऱ्याचा शब्द घेतो. हा नियम सर्वत्र लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. खुद्द लॅटिनमध्ये तो शब्द शिरला तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या हाती कोणतीच सत्ता नव्हती. पण केंट आणि गोवा शेजारी ठेवून पाहिले तर तो बराचसा पटतो.

पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या भारतात भाषांतरेच झाली आणि बहुतेक भाषांनी, एकमेकींना न विचारता, प्राचीन इंग्रजांचीच युक्ती वापरली. विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०० मध्ये मत्तयचे शुभवर्तमान बंगालीत निघाले. त्याचे नाव ‘मंगल समाचार’. याच कॅरींनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठीतही काम केले आणि १८११ मध्ये त्यांचा मराठी नवा करार छापून झाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ मध्ये. हिंदीत ‘सुसमाचार’ रूढ झाला. तमिळमध्ये आधी ‘सुविशेषम्’ आणि पुढे शुद्ध तमिळ ‘नर्चेय्दि’, म्हणजे नल्ल चेय्दि, चांगली बातमी. मलयाळममध्ये ‘सुविशेषम्’च. त्यातील ‘विशेष’ कळायला मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. आपणही भेटल्यावर “काय विशेष?” असेच विचारतो.

दुधनीच्या फलाटावर उभे राहिले की ही सारी यादी पुस्तकातून उठून माणसांत येते. अक्कलकोट तालुक्यातील हे गाव सीमेवरचे. ज्या लोहमार्गावर ते आहे तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला आणि १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला. १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचे राज्य होते, १९५६ पासून तो भाग कर्नाटकाकडे गेला. या टापूत मराठी आणि कन्नड एकाच घरात नांदतात, सोलापूरच्या पद्मशाली विणकरांबरोबर तेलुगू आली, बाजारात दखनी कानावर पडते. तेव्हा ‘गॉस्पेल’ला येथे काय म्हणावे? मराठीत शुभवर्तमान, सुवार्ता. तेलुगूत ‘सुवार्त’. कन्नडमध्ये प्रॉटेस्टंट बंधू ‘सुवार्ते’ म्हणतात, तर कॅथलिक ‘शुभसंदेश’. उर्दूत ‘इंजील’, तो मूळ ग्रीक शब्दच, सिरिया आणि अरबस्तानच्या वाटेने झिजत आलेला. आणि त्याच उर्दूतील ‘बशारत’, म्हणजे शुभ बातमी, हा शब्द यशयाच्या हिब्रू शब्दाचा सख्खा भाऊबंद.

मराठीपाशी दोन शब्द आहेत, हे आम्हांस भाग्याचे वाटते. पवित्र शास्त्राच्या प्रचलित मराठी भाषांतरात त्यांची वाटणीही झालेली दिसते. ग्रंथाचे नाव ‘शुभवर्तमान’, उदाहरणार्थ मत्तयकृत शुभवर्तमान. आणि आत जेथे ख्रिस्ताचा किंवा संत पौलाचा निरोप अभिप्रेत आहे तेथे ‘सुवार्ता’. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. वसईहून निघणाऱ्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादिलेल्या मासिकाने ‘सुवार्ता’ हे नाव घेतले, ते यथार्थच होते. गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच धातूचे. ‘वृत्’ म्हणजे असणे, घडणे, फिरणे. जे घडले ते वृत्त, त्याची बातमी वार्ता, जे घडत आहे ते वर्तमान. कौटिल्याने शेती, पशुपालन आणि व्यापार या तिन्हींना मिळून ‘वार्ता’ हेच नाव दिले आहे. घडणे, जगणे आणि त्याबद्दल सांगणे यांत आपल्या पूर्वजांनी फार अंतर ठेवले नव्हते.

मराठीत ‘वर्तमान’ म्हणजे बातमी हा अर्थ एकेकाळी इतका साधा होता की त्याची फोड करण्याची कोणास गरज वाटली नसती. पेशवाईतील पत्रे उघडावीत. इकडील वर्तमान, तिकडील वर्तमान, छावणीचे वर्तमान. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ आहे. बातम्यांच्या कागदाला ‘वर्तमानपत्र’ हे नाव मिळाले ते त्यामुळेच. जुन्या भाषांतरकारांनी ‘शुभवर्तमान’ हा शब्द योजला तेव्हा तो बाजारातील माणसाला कळणारा, चालता-बोलता शब्द होता. आजोबांच्या पोस्टकार्डात “इकडील वर्तमान ठीक” असे वाक्य आम्ही स्वतः वाचलेले आहे. त्यानंतर बातमी, खबर, न्यूज यांनी त्याला हळूहळू घराबाहेर काढले. शाळेच्या व्याकरणात भूत आणि भविष्य यांच्या मधोमध त्याला बसविले. आज ‘वर्तमान’ म्हणताच मुलांना काळ आठवतो, बातमी आठवत नाही. आणि ‘वर्तमानपत्र’ या शब्दाची तर आपण फोडच करीत नाही.

म्हणजे ‘गोडस्पेल’चे जे बाराव्या शतकात झाले तेच ‘शुभवर्तमाना’चे आपल्या डोळ्यांदेखत होत आहे. शब्द टिकला आहे, आतील दाणा बदलत आहे. फरक असा की इंग्रजीत पहिला भाग सुटला आणि मराठीत दुसरा सुटत आहे. आपल्याकडे त्याला उशीर झाला याचे एक कारण असे की हा शब्द उपासनेत रोज कानी पडू लागल्यास फार काळ लोटलेला नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरील संविधान प्रसिद्ध केले आणि त्यानंतर मिस्सा आपल्या भाषेत होऊ लागली. त्यापूर्वी वेदीवर शुभवर्तमान वाचले जाई ते लॅटिनमध्ये. आपले वाडवडील उभे राहत, कपाळ, ओठ आणि छाती यांवर क्रुसाची खूण करीत. आणि कोणत्या बातमीसाठी आपण उभे आहोत हे त्यांना मागाहून प्रवचनातच कळे. ती बातमी थेट कानी पडू लागून एक आयुष्यभराचा काळही गेला नाही, तोच तिच्या नावाचा अर्थ निसटू लागावा, हे आम्हांस लागते.

यावर शब्दच बदलावा, सर्वत्र ‘सुवार्ता’ म्हणावे, असे सुचविणारे आमचे स्नेही आहेत. ‘वार्ता’ अजून जिवंत आहे, वार्ताहर आहे, वार्तापत्र आहे; सूचना वाजवी आहे. आम्ही तिच्या बाजूचे नाही. एक तर जी वाटणी मराठीने साधली आहे ती मोडेल. दुसरे, ‘वार्ते’चे तरी शंभर वर्षांनी काय होईल याची हमी कोणी द्यावी? शब्द टाकून अर्थ राखता येत असता तर जर्मनांनी ‘गॉटस्पेल’ टाकून लॅटिन घेतला तेव्हाच तो राखला गेला असता. त्यापेक्षा ऑर्मचे करावे. त्याने शब्द ठेवला आणि प्रत्येक वाचकाला त्याचा अर्थ सांगितला, कंटाळवाण्या पद्यात का होईना. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात ‘शुभवर्तमान’ या शब्दाखाली “वर्तमान म्हणजे बातमी” एवढी एक ओळ छापण्यास कितीशी जागा लागणार आहे?

गाडी दुधनीहून हलली तेव्हा पुतणीला आम्ही यातील निम्मे सांगितले असेल. तिने वहीतील ‘चालू काळ’ खोडला, ‘देवाचे स्पेलिंग’ मात्र खोडायला ती तयार नव्हती. खिडकीबाहेर आता कन्नड मुलूख सुरू होणार होता. तेथे रोजच्या बोलण्यात बातमीला ‘सुद्दी’ म्हणतात, पण ‘वर्तमान’ म्हणजे बातमी हा अर्थ कन्नडला आजही परका नाही. आणखी दक्षिणेस, केरळात, ‘वर्तमानम्’ म्हणजे बोलणे-चालणे, गप्पागोष्टी. अठराव्या शतकात पारेम्माक्कल तोमा कत्तनार नावाचे तेथील कॅथलिक धर्मगुरू आपल्या लोकांचे गाऱ्हाणे घेऊन रोम आणि लिस्बनला गेले होते. १७७८ ते १७८६ असा तो प्रवास चालला. बरोबर गेलेले मार योसेफ करियाट्टिल परतताना गोव्यात वारले. कत्तनारांनी या सगळ्याची हकिकत मलयाळममध्ये लिहून ठेवली. भारतीय भाषांतील पहिल्या प्रवासवर्णनांत तिची गणना होते. तिचे नाव ‘वर्तमानपुस्तकम्’.